रुग्णशय्येवरील विद्यार्थी



१९६१ साली खुब्याच्या हाडाच्या क्षयामुळे मी मिरजेच्या इस्पितळात सात महिने प्लास्टरमध्ये उताणा पडून होतो. ज्यांच्या स्मृतीस आज आपण वंदन करतो, ते सर महिन्यातून एका रविवारी बेळगावहून आगगाडीने येत. अपूर्णांक शिकवीत, मराठी मात्र नाही! निघताना म्हणत, ‘बाकावरची तुझी जागा मी कोणाला दिलेली नाही.’ अपूर्णांक मी विसरलो. त्या जागेचा विचार करीत मात्र कित्येक रात्री काढल्या.

२०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क दिला. २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र अपंगत्व असलेल्यांना घरी शिकण्याची मुभा मिळाली. परंतु रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन-तीन वर्षे चालतात. असे मूल चार दिवस शाळेत, महिनाभर इस्पितळात. त्याचे गणित मागे पडते, ते भरून काढता येते. पण सोबती पुढच्या वर्गात गेलेले असतात आणि केस गळालेल्या डोक्याने नव्या वर्गाच्या दारात उभे राहणे त्याला औषधाहून कडू वाटते.

म्हणून माझी शाळेला विनंती आहे : दीर्घ आजारी विद्यार्थ्याकडे दरमहा एक शिक्षक जावा. प्रवासखर्चासाठी आजचे माझे मानधन मुख्याध्यापकांनी ठेवून घ्यावे.