दोन लाखांचा सुती कोट
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



काट्याचे आणि ओलाव्याचे बोलणे सकाळी झाले. आता आम्ही तुम्हाला जरा लांबच्या बाजारात नेणार आहोत, लंडनच्या. तिथे बर्बेरी नावाची जुनी पेढी आहे. थॉमस बर्बेरी या कापड दुकानदाराने १८५६ साली ती सुरू केली आणि पुढे गॅबर्डीन नावाचे, पाऊस अडवणारे घट्ट विणीचे कापड काढले. पहिल्या महायुद्धात इंग्रज अधिकारी त्या कापडाचे लांब कोट घालून खंदकात उभे असत. तसाच कोट ही पेढी आजही विकते. किंमत आपल्या पैशात दोन लाखांच्या घरात.

आणि आज विकला जाणारा तो कोट सुती आहे. वजन दोन किलोच्या आत. तेवढी रुई पाच-सहा किलो कापसातून निघते. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. तोही पुरता कोणाला मिळाला हे तुम्ही जाणता. त्या भावाने धरले तरी कोटातला कापूस पाचशे रुपयांच्या आतला. उलट हिशेब करा. त्या एका कोटासाठी चोवीस-पंचवीस क्विंटल कापूस घालावा लागेल, म्हणजे कोरडवाहूत सहा एकरांचे पीक. त्यात आपल्या जिल्ह्याचा कापूस आहे असा आमचा दावा नाही. पण कापूस तो कापूसच.

एका गावच्या बैठकीत हा हिशेब मांडला तेव्हा एक म्हातारेबाबा म्हणाले, "घेनारा येडाच असन, भाऊ." सगळे हसले. आम्हीही हसलो. पण घेणारा वेडा नाही, आणि त्याला वेडा म्हणून आपण सुटू नये.

आपलेच बघा. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी आपल्या घरांत रोज ज्वारीची भाकरी असे. जावई आला, सण आला की गव्हाची पोळी. भाकरी कमी चवीची होती म्हणून का? नाही. पोळी रोज परवडत नव्हती, एवढाच तिचा मोठेपणा. पाहुण्याच्या ताटात भाकरी वाढायची वेळ आली तर घरची बाई शरमत असे. मग गहू घरोघर आला आणि पोळीचा तोरा गेला. आता पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत तीच भाकरी थाळीत मानाने येते, आणि तिची किंमत वाचून आपल्याला घाम फुटतो. दाणा तोच आहे. खाणारा माणूस बदलला.

दुसरे उदाहरण जरा बोचेल. लग्नाच्या बैठकीत मुलाकडचे मोटारसायकल मागतात तेव्हा नुसती मोटारसायकल मागत नाहीत, अमुकच कंपनीची मागतात. मुलीच्या बापाने दुसरी, स्वस्त, जास्त ॲव्हरेज देणारी दाखवली तर तोंडे वाकडी होतात. त्या नावापायी गहाण पडलेले एकर आम्ही पाहिले आहेत. तेव्हा लंडनच्या कोटाला हसताना थोडे जपून.

अमेरिकेत थॉर्स्टीन व्हेब्लेन नावाचा अर्थशास्त्रज्ञ होऊन गेला. १८५७ चा जन्म, नॉर्वेहून तिकडे गेलेल्या शेतकऱ्याचा मुलगा. १८९९ साली त्याने रिकामटेकड्या श्रीमंतांवर एक पुस्तक लिहिले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की पुष्कळ वस्तू कामासाठी घेतल्या जात नाहीत, लोकांनी बघावे म्हणून घेतल्या जातात. त्याने चमच्याचे उदाहरण दिले. हाताने घडवलेला चांदीचा चमचा आणि यंत्रातून निघालेला स्वस्त चमचा, घास दोन्हींनी सारखाच तोंडात जातो. तरी चांदीचा सुंदर वाटतो, कारण तो महाग आहे हे ठाऊक असते. अशा वस्तूची किंमत उतरवली की तिची ओढच कमी होते. आमच्या कृषी महाविद्यालयात हेक्टरी उतारा कसा वाढवावा हे चार वर्षे शिकवले. माणसाला एखादी वस्तू हवीशी का वाटते, यावर एक तासही झाला नाही.

पण नुसत्या ओढीवर दोन लाख मिळत नाहीत. ती ओढ टिकवायला माल कमी ठेवावा लागतो. पॅरिसची एर्मेस ही पेढी बघा. १८३७ साली तिएरी एर्मेस नावाच्या कारागिराने घोड्यांचे साज शिवायला सुरुवात केली, तिथून ती वाढली. १९८४ पासून ते 'बर्किन' नावाची चामड्याची पिशवी करतात. पैसे पुढे केले म्हणून ती लगेच हातात पडत नाही. गिऱ्हाईकच थांबून राहते. आपल्याकडे बाजार समितीच्या फाटकावर गाड्या घेऊन कोण थांबते, ते सांगायला नको.

आणि माल उरला तर? बर्बेरीने २०१७-१८ या एका वर्षात २ कोटी ८६ लाख पौंडांचा न खपलेला माल, कपडे, अत्तरे वगैरे, नष्ट केला. स्वस्तात गेला असता तर नाव उतरले असते. हे त्यांच्याच वार्षिक अहवालात छापलेले होते. बोभाटा झाल्यावर सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी ही पद्धत बंद केली. फ्रान्सने तर पुढे असा नाश रोखणारा कायदाच केला. आपण भाव पडल्यावर टमाटे रस्त्यावर ओतले की दुसऱ्या दिवशी आपल्याला अन्नाचे पाप सांगितले जाते. तिकडे ती वर्षानुवर्षे व्यापाराची रीत होती.

फरक इथे आहे. टंचाई त्यांच्या हातात आहे. आपली टंचाई झाली की दुसऱ्याच्या हाताने मोडली जाते. ५ मार्च २०१२ रोजी कापसाची निर्यात बंद केली गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये, वेचणीच्या तोंडावर, कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले आणि ती सवलत डिसेंबर अखेरपर्यंत वाढवली. गिरण्यांना कापूस महाग पडतो, हे कारण. कोट महाग पडतो म्हणून कोणत्या सरकारने बर्बेरीला भाव पाडायला लावले, असे आमच्या ऐकिवात नाही.

आता तरुण मंडळी म्हणतात, आपणही आपला ब्रँड काढू. चिठ्ठी छापली की झाले. कोल्हापूरचे बघा. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. नाव कायद्याने बांधले गेले. तरी जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडाने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला मिरवल्या आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही. ओरड झाली तेव्हा कबुली आली. डिसेंबरमध्ये करार झाला: महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारागिरांकडून दोन हजार जोड, जोडाची किंमत आठशे युरोंच्या आसपास. हे वाईट झाले असे आम्ही म्हणणार नाही, कारागिराला काम मिळते आहे. पण चपलेची घडण कोल्हापुरी असताना किंमत ठरवणारा अक्षर-शिक्का मिलानचा आहे.

म्हणून चिठ्ठी नंतर. आपला कापूस पहिल्या वेचणीचा, शेवटच्या वेचणीचा, कवडी, पानकचरा, सगळा एकाच गाडीत जातो आणि जिनिंगमध्ये चार गावांच्या ढिगात मिसळतो. गाठ बांधली की तो कोणाचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. ज्याची ओळखच उरत नाही त्याला नाव काय देणार? आणि माल रोखून धरायचा तर दिवाळीची उधारी दारात उभी असते, हेही आम्हाला ठाऊक आहे. सगळ्यांना जमणार नाही.

तेव्हा आमचे मागणे लहान आहे. येत्या हंगामात दोन-तीन गावांनी एकच वाण लावावे. पहिल्या दोन वेचण्या सुती चादरीत, कोरड्या, वेगळ्या ठेवाव्यात. त्या एका दिवशी एकत्र जिनिंगला न्याव्यात आणि गाठींवर गावाचे नाव व क्रमांक घालून घ्यावा. धाग्याची लांबी-मजबुती तपासून घेऊ आणि तो कागद हातात धरून गिरणीशी बोलू. क्विंटलला किती वाढतील हे आज सांगता येत नाही, शून्यही वाढतील. ज्या गावांची तयारी आहे त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मंचाच्या डाव्या बाजूला नावे द्यावीत. बायांनी आधी द्यावीत. वेचणी त्यांच्या हातची आहे.