सलाईनची बाटली आणि शरीरांतील पाणी

पलूस तालुका कृष्णाकांठचा. उसाचा आणि द्राक्षांचा. फाल्गुन सरत आला कीं तेथें उसाच्या फडांत दिवसभर कोयता चालविणाऱ्या माणसाच्या अंगांतून कित्येक लिटर घाम निघून जातो. संध्याकाळीं डोकें जड होतें, पोटऱ्यांत गोळे येतात, हातापायांतलें त्राण जातें, आणि मग घरांतील वडील मनुष्य उपाय सुचवितो, "दवाखान्यांत जा आणि एक सलाईन लावून ये." हा उपाय एकट्या पलूसचा नव्हे. पुण्यामुंबईच्या शिकलेल्या घरांतहि ताप उतरल्यावर आजोबांना 'ताकदीसाठीं' बाटली लावावी असा आग्रह होतो, आणि डॉक्टरांनीं नको म्हटलें तर पुष्कळदां डॉक्टरच बदलले जातात. तेव्हां त्या बाटलींत असतें काय आणि शिरेवाटे आंत गेल्यावर तें जातें कोठें, याचा एकदां हिशेब मांडलेला बरा.

साठ किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरांत सुमारें ३६ लिटर पाणी असतें. पैकीं २४ लिटर पेशींच्या आंत आणि १२ लिटर बाहेर. आणि या बारांतूनहि शिरांमधून रक्तरसाच्या रूपानें वाहणारें पाणी जेमतेम तीन लिटर. बाहेरच्या पाण्यांत मुख्य क्षार सोडियमचा, आंतल्या पाण्यांत पोटॅशियमचा. पेशीचें आवरण पाण्याला वाट देतें, क्षारांना मात्र सहजासहजीं देत नाहीं. म्हणून ज्या बाजूस क्षार दाट त्या बाजूकडे पाणी ओढलें जातें. बेदाणा पाण्यांत टाकला म्हणजे टरारतो, कैरीच्या फोडींना मीठ चोळलें म्हणजे त्यांना पाणी सुटतें. गृहिणीला हा नियम पुस्तकावांचून ठाऊक असतो. याच कारणानें निव्वळ पाणी शिरेंत सोडतां येत नाहीं. रक्तांतील तांबड्या पेशी तें पिऊन फुटतात.

नेहमीच्या सलाईनमध्यें एका लिटरला नऊ ग्रॅम साधें मीठ असतें. अर्ध्या लिटरच्या बाटलींत साडेचार ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभरहि नव्हे. तें पाणी पेशींत शिरत नाहीं, बाहेरच राहतें. आणि कांहीं वेळानें त्याचा सुमारें चौथा हिस्साच शिरांत उरतो, बाकीचें आजूबाजूस झिरपतें. ग्लुकोजच्या बाटलीची गोष्ट निराळी. नेहमीच्या अर्ध्या लिटरांत पंचवीस ग्रॅम साखर. शरीर ती जाळून टाकतें आणि मागें उरतें तें निव्वळ पाणी, जें पेशींच्या आंतबाहेर सगळीकडे पसरतें. ताकदीचाच हिशेब करावयाचा तर ज्वारीच्या एका भाकरींत या बाटलीहून कितीतरी अधिक ताकद आहे, आणि ती सुईवांचून मिळते.

तिसरा द्रव रिंगरचा. लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर हे बेडकाचें हृदय शरीराबाहेर, मिठाच्या पाण्यांत, चालतें ठेवण्याचे प्रयोग करीत. तें अपेक्षेबाहेर चांगलें चाललें. चौकशी करतां कळलें कीं वापरलेलें पाणी ऊर्ध्वपातित नसून नळाचें होतें, आणि नळाच्या पाण्यांत चुन्याचा क्षार होता. १८८३ सालीं त्यांनीं हा घोटाळा स्वतःच छापून प्रसिद्ध केला. त्या प्रांजळपणांतून शास्त्र पुढें सरकलें. १९३२ च्या सुमारास अमेरिकेंतील हार्टमन यांनीं त्यांत लॅक्टेट घातलें. यकृत त्यापासून आम्लता मारणारा क्षार बनवितें. जुलाबानें सुकलेल्या माणसास म्हणूनच हा द्रव अधिक मानवतो. साध्या सलाईनला 'नॉर्मल' म्हणतात खरें, पण त्यांतील क्लोराइड रक्तांतल्यापेक्षां सुमारें दीडपट असतें, आणि तें फार दिलें तर रक्त आम्लतेकडे झुकतें. नांव ठेवणारानें घाई केली असेंच म्हणावें लागेल.

शिरेंत क्षारयुक्त पाणी सोडण्याच्या उपचारानें मूळ धरलें तें पटकीच्या साथींत. १८३१ सालीं पटकी इंग्लंडांत पोंचली तेव्हां ओशॉनेसी नांवाच्या बावीस वर्षांच्या डॉक्टरांनीं रोग्यांचें रक्त तपासून सांगितलें कीं यांतलें पाणी आणि क्षार नाहींसे झाले आहेत, ते परत दिले पाहिजेत. हेच ओशॉनेसी पुढें हिंदुस्थानांत आले आणि त्यांनीं येथें तारायंत्राचा पाया घातला. १८३२ च्या मे महिन्यांत स्कॉटलंडांतील लीथ येथें डॉ. थॉमस लॅटा यांनीं तें करून पाहिलें. रोगी एक वृद्धा, अगदीं शेवटच्या घटकेस पोंचलेली. पाणी शिरेंत जाऊं लागलें तशी तिची खोल गेलेली दृष्टि उजळली, अंगांत ऊब आली, ती बोलूं लागली. लॅटा निश्चिंत मनानें निघून गेले. मागें जुलाब पुन्हां सुरू झाले आणि कांहीं तासांत ती वारली. जितकें जातें तितकें देत राहावें लागतें, ही गोष्ट तिच्या मृत्यूनें कळली.

यानंतर सुमारें एकशेंचाळीस वर्षांनीं, १९७१ सालीं, पश्चिम बंगालमधील बनगांव येथें पूर्व बंगालच्या निर्वासितांत पटकी पसरली आणि बाटल्याच संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनीं ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा यांच्या पुड्या करविल्या आणि त्यांचें पाणी रोग्यांना त्यांच्या नातलगांच्या हातून पाजविलें. शेंकडा तीसच्या आसपास असलेलें मृत्यूचें प्रमाण शेंकडा चारांच्याहि खालीं आलें. यांत जादू नव्हती. आंतड्यांत साखर आणि मीठ जोडीनें आंत शिरतात आणि पाण्याला आपल्याबरोबर नेतात. पटकीच्या जुलाबांतहि ही वाट बंद होत नाहीं.

पलूसकरांना या गोष्टीची किंमत निराळी सांगावयास नको. २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेच्या महापुरानें कांठचीं गांवें वेढलीं. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळ येथें नाव उलटून कित्येक माणसें दगावलीं. दवाखान्याची वाट पाण्याखालीं असतां घरांतल्या पुडीलाच बाटलीचें काम करावें लागतें.

परंतु बाटलीचा अवमान करणें हीहि तितकीच घातक चूक. रोगी गुंगींत गेला, कांहीं पोटांत ठरेना, लघवी कित्येक तास बंद झाली, नाडी क्षीण झाली, तर एक घटकाहि न दवडतां त्यास इस्पितळांत न्यावें. दहा किलो वजनाच्या, वर्षावरील मुलाला अशा वेळीं तीन तासांत एक लिटर द्रव शिरेवाटे लागतो. उलट, ज्या वृद्धाचें हृदय किंवा मूत्रपिंड दुबळें आहे त्याच्या छातींत तेंच पाणी सांचून श्वास कोंडतो. रक्तांतील सोडियम बरेच दिवस उतरलेलें असेल तर तें घाईनें वर चढविल्यास मेंदूला इजा होते. पोटॅशियम तर भरभर सोडलें कीं हृदयच थांबूं शकतें. बाटलीचा वेग पाहुण्यानें येतां जातां वाढवूं नये, तो याकरितां.

ज्याला पितां येतें त्यास मात्र पुडीच पुरे. पुडीवर लिहिलें असेल तितक्याच पाण्यांत ती सगळी विरघळवावी. अर्ध्या पाण्यांत केली तर क्षार दाट होऊन अपाय होतो. पुडी नसेल तर एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. मुलाला चमच्याचमच्यानें पाजावें; उलटी झाल्यास दहा मिनिटें थांबून, पहिल्यापेक्षां सावकाश, पुन्हां द्यावें.