यंत्रे जुळत नाहीत तेव्हा
(शिक्षण परिषदेतील भाषण)



शाळेस संगणक मिळाला, राउटर मिळाला, ग्रामस्थांनी वर्गणी काढून प्रिंटरही दिला. आणि थोड्याच दिवसांत ही सारी सामग्री कपाटात जाऊन बसली, असे दृश्य शाळाभेटींच्या वेळी माझ्या दृष्टीस पडते. कारण विचारता ‘यंत्र बिघडले’ असे ठरलेले उत्तर मिळते. परंतु पुष्कळदा दोन्ही यंत्रे धडधाकट असतात; त्यांचे परस्परांशी जुळलेले नसते, इतकेच. बिघाड आणि बेबनाव यांतील हा भेद ओळखता आला, तर कपाटातील पुष्कळ सामग्री पुन्हा मुलांच्या हाती येईल.

दोन यंत्रांचा व्यवहार सुरळीत चालावयाचा तर वीज, तार, लहरी व परवल या चार बाबींत मेळ असावा लागतो. शोधही याच क्रमाने घ्यावा.

प्रथम वीज. ॲडॉप्टरची पिन छिद्रात बसली म्हणजे तो त्याच यंत्राचा, असे समजू नये. काही राउटर ९ व्होल्टवर चालतात, काही १२ व्होल्टवर. पिन मात्र सारखीच दिसते. यास्तव ॲडॉप्टरवरील व यंत्रावरील छापील आकडे ताडून पाहावेत. व्होल्टचा आकडा तोच असला पाहिजे. अँपिअरचा आकडा तेवढाच किंवा अधिक असल्यास चालतो. धन-ऋणाची खूणही सारखी असावी.

दुसरी बाब तारेची. नेटवर्कच्या केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. सेकंदास १०० मेगाबिट वेगाला त्यांपैकी दोन जोड्या पुरतात. १००० मेगाबिटला चारही लागतात. त्यामुळे एखादी तार तुटली असता कधी काम बंद न पडता केवळ मंदावते आणि दोष संगणकाच्या माथी मारला जातो. केबलचा एक सलग पल्ला १०० मीटरहून अधिक नसावा. गावात ऑप्टिकल फायबर आलेली असेल तर तिच्या टोकाचा रंग पाहावा. हिरव्या टोकाचे तोंड ८ अंशांनी तिरके असते, निळ्याचे तसे नसते. हिरव्यास निळे जोडल्यास प्रकाश वाया जातो.

तिसरी बाब लहरींची. राउटर बहुधा २.४ व ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर बोलतो. पुष्कळ प्रिंटर व जुने संगणक यांना केवळ पहिलाच पट्टा कळतो. ‘मोबाइलला वाय-फाय दिसते, प्रिंटरला दिसत नाही’ या तक्रारीचे मूळ अनेकदा येथेच सापडते. राउटरच्या मांडणीत २.४ चा पट्टा चालू करावा. तो भिंतींपलीकडेही अधिक पोहोचतो.

चौथी बाब परवलीची. डब्ल्यूपीए-३ ही सुरक्षापद्धती २०१८ साली आली. त्यापूर्वीच्या बहुतेक यंत्रांस ती ठाऊक नसल्याने परवलीचा शब्द अचूक असूनही प्रवेश मिळत नाही. राउटरमध्ये डब्ल्यूपीए-२ व ३ अशी संमिश्र पद्धती निवडल्यास दोघांचीही सोय होते. परवलीचा शब्दच काढून टाकणे हा मात्र उपाय नव्हे. त्याने शाळेचे दार सर्वांस उघडे होते.

आता रीतीविषयी थोडेसे. एका वेळी एकच बदल करावा. केबलही बदलली, मांडणीही बदलली आणि काम सुरू झाले, तर कशाने झाले हे कळत नाही. दुसरीकडे नीट चालणारी केबल आणून लावून पाहावी, म्हणजे अर्धा संशय फिटतो. जे आढळले ते तारखेनिशी नोंदवहीत लिहावे. शिक्षकाची बदली झाली तरी ते ज्ञान शाळेतच राहते. नवी वस्तू घेण्यापूर्वी शाळेतील यंत्रांचे छापील आकडे टिपून दुकानात न्यावेत. ग्रामस्थांच्या वर्गणीचा पैसा दोनदा खर्च होऊ नये, ही आपली जबाबदारी आहे.

ही तपासणी वरच्या वर्गातील मुलांसमक्ष करावी. आकडे वाचणे, लेबले ताडणे, नोंद ठेवणे ही कामे त्यांच्याकडे सोपवावीत. विजेची जोडणी मात्र आपल्याच हाती ठेवावी. निरीक्षण, तर्क आणि पडताळा हे आपण फळ्यावर शिकवितो, ते त्यांना येथे प्रत्यक्ष पाहावयास मिळेल. तेव्हा या आठवड्यात आपापल्या शाळेतील ते कपाट एकवार उघडावे, एवढीच आपणांस विनंती आहे.