‘राइट’ : एक शब्द, अनेक अर्थ



आपल्या देऊळघाटात मुलांच्या कानावर रोज तीन भाषा पडतात. घरात उर्दू, बाजारात वऱ्हाडी मराठी आणि शाळेत इंग्रजी. पुष्कळ पालक म्हणतात, तीन भाषांचे ओझे मुलांना पेलत नाही. मला वाटते, हे ओझे नसून भांडवल आहे. कसे, ते मी आज ‘राइट’ या एकाच शब्दावरून सांगणार आहे.

पहिलीतल्या मुलालाही ‘राइट’ म्हणजे उजवा हे ठाऊक असते. पण गणितात ‘राइट अँगल’ म्हणजे काटकोन, उत्तरपत्रिकेत ‘राइट’ म्हणजे बरोबर, ‘राइट नाऊ’ म्हणजे आत्ताच आणि राज्यघटनेत ‘राइट’ म्हणजे हक्क. वर्तमानपत्रात ‘उजवे पक्ष’ वाचतो तेही येथूनच आले. 1789 साली फ्रान्सच्या सभेत राजाच्या बाजूचे लोक अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसत, त्यावरून ते नाव पडले.

हे सारे अर्थ एकाच मुळाचे आहेत. मूळ अर्थ ‘सरळ’. संस्कृतातील ‘ऋजु’ आणि जुन्या मराठीतील ‘उजू’ हे याच कुळातले शब्द. सरळ उभी रेघ म्हणून काटकोन. सरळ वागणे म्हणून बरोबर. आपल्या बोलीत उजव्या हाताला ‘सीधा हात’ म्हणतात ना? इंग्रजांनी केले ते आपल्या आजीनेही केले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, मग नेमका अर्थ ओळखायचा कसा? शब्दाचा अर्थ त्याच्या शेजाऱ्यांना विचारावा. मागे ‘ऑन द’ असेल तर बहुधा उजवी बाजू. मागे ‘अ’ किंवा ‘द’ आणि पुढे ‘टू’ असेल तर बहुधा हक्क. उत्तर, रस्ता, माणूस असे नाम पुढे आले तर बरोबर किंवा योग्य. अर्जावर ‘राइट’ चौकटीत खूण करा असे छापले असेल, तर उजवीकडची चौकट शोधू नका, आपल्याला लागू पडणारी शोधा. अर्ज बाद होण्यास एवढीशी चूकही पुरते. शिवाय लिहिणे, धार्मिक विधी आणि कारागीर या अर्थांचे तीन वेगळे शब्दही कानाला ‘राइट’च वाटतात. त्यांचे स्पेलिंग निराळे आहे, म्हणून ऐकलेला शब्द लिहूनही पाहावा.

आता समानार्थी शब्द पाहू. गणिताचे उत्तर ‘करेक्ट’ असते, वागणे ‘प्रॉपर’ असते, निवाडा ‘जस्ट’ असतो आणि साक्ष ‘ट्रू’ असते. ‘राइट’ या चौघांच्याही जागी चालतो, पण हे चौघे एकमेकांच्या जागी चालतीलच असे नाही. तसेच ‘क्लेम’ म्हणजे नुसता दावा, तो सिद्ध व्हावा लागतो. ‘प्रिव्हिलेज’ म्हणजे काहींनाच मिळालेली खास सवलत. ‘राइट’ म्हणजे जे मुळात आपलेच आहे ते. हक्काची वस्तू कोणी मेहेरबानी म्हणून देऊ लागला, तर हा फरक ठाऊक असलेला माणूस फसत नाही.

असे फरक नोंदवण्यासाठी माणसांनी आयुष्ये वेचली आहेत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला. मौलवी अब्दुल हक यांचा इंग्रजी-उर्दू कोश 1937 साली आपल्या शेजारच्या औरंगाबादेतून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातून, अंजुमन तरक्की-ए-उर्दूने प्रसिद्ध केला. घरात एक तरी कोश असावा आणि तो हाताळून मळावा.

पालकहो, ‘हक्क’ हा मराठी शब्द अरबी ‘हक’वरून आला. अरबीत हक म्हणजे सत्य आणि हक म्हणजे अधिकारही. इंग्रजी ‘राइट’मध्येही खरे आणि हक्क एकत्र नांदतात. दोन दूरच्या भाषांना एकच गोष्ट सुचली, ती म्हणजे जे खरे तेच हक्काचे. आपण ‘हक अदा करना’ म्हणतो, तेव्हा आपल्याला काय मिळायचे आहे याचा विचार नसतो. दुसऱ्याचे आपल्याकडे काय देणे आहे, याचा असतो. शेजाऱ्याचा हक, आईचा हक, मुलीचा हक.

राज्यघटनेच्या तिसाव्या अनुच्छेदात अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शैक्षणिक संस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा ‘राइट’ दिलेला आहे. आपल्यासारख्या संस्था त्याच शब्दावर उभ्या आहेत. 2002 च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला आणि त्याच दुरुस्तीने मुलाला शिक्षणाची संधी देणे हे पालकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. हे दोन्ही 1 एप्रिल 2010 पासून अमलात आले. मुलाच्या हातात हक्क आणि बापाच्या खांद्यावर कर्तव्य, हे एकाच कायद्याने दिले, हे लक्षात घ्या.

विरुद्धार्थी शब्द विचारला तर एका ‘राइट’चा ‘लेफ्ट’ आणि दुसऱ्याचा ‘राँग’ असे मुले चटकन सांगतात. तिसऱ्या ‘राइट’ला मात्र विरोधी नाही, जोडीदार आहे. तो म्हणजे ‘ड्यूटी’, कर्तव्य.

कायदा मुलीचा हात चौदाव्या वर्षापर्यंत धरतो. आठवीनंतर तिचे दप्तर खुंटीला टांगायचे की नववीच्या वर्गात पाठवायचे, हे घर ठरवते. तेथे कोणी अधिकारी विचारायला येणार नाही. पण तिचा हक चौदाव्या वर्षी संपत नाही. तो तुमच्याकडे बाकी राहतो. येत्या जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा तो अदा करावा, एवढीच माझी विनंती आहे.