प्रतिकृतीचे ऋण

(शाळेच्या हीरक महोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



कोल्हापूर म्हटले की तालमी आणि खासबागेचे मैदान आठवते. त्याच कोल्हापुरात, टाउन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात, ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची, एक लहानशी कांस्यमूर्ती आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर ती मिळाली. तेथेच १९४५-४६ साली सांकळिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केले. रोमशी चाललेल्या व्यापाराची ही खूण. तिची ढब अभ्यासक इ. स. पूर्व चौथ्या शतकातील लायसिपस या शिल्पकाराशी जोडतात.

याच लायसिपसने एक मल्ल घडवला होता. व्यायाम आटोपून अंगावरचे तेल आणि धूळ धातूच्या वक्र पट्टीने निपटून काढणारा तो तरुण, हौद्यातून बाहेर पडलेला पैलवान ज्यांनी पाहिला आहे, त्यांना परका वाटणार नाही. रोममध्ये अग्रिपाने तो आपल्या स्नानगृहापुढे उभारला. सम्राट टायबेरियसने तो स्वतःच्या शयनगृहात नेला, तेव्हा लोकांनी नाट्यगृहात आरडाओरडा करून तो परत मिळवला, असे प्लिनी सांगतो.

पुढे तो कांस्यपुतळा नाहीसा झाला. आज व्हॅटिकनमध्ये आहे ती १८४९ साली रोममध्ये सापडलेली संगमरवरी प्रतिकृती. मायरनचा थाळीफेक करणारा आणि पॉलिक्लिटसचा भालाधारी हेही आपल्याला मुख्यतः रोमन प्रतिकृतींमुळेच ठाऊक आहेत.

पोकळ कांस्य दोन पायांवर सहज तोलते. संगमरवर जड आणि ठिसूळ. म्हणून प्रतिकृती घडवणाऱ्यांनी पायाशी झाडाचा बुंधा कोरला. जाणकार त्याला उणेपणा मानत नाहीत. पाषाण बदलला की आधार लागतोच.

बेंगळुरूतील आपल्या मुलांची मराठी पुण्या-कोल्हापुरासारखी नाही, अशी खंत पालक व्यक्त करतात. तिला कन्नडचा आधार आहे, आणि त्यात संकोच वाटण्याजोगे काही नाही. मात्र तोल मूळचा राहावा, यासाठी वाचन हवे, लेखन हवे, घरातले बोलणे हवे.

आणि आणखी एक. रोमच्या लोकांनी तो पुतळा आपला मानला, म्हणून मागितला. ही शाळा आपल्याला हवी असेल, तर केवळ महोत्सवाला येऊन भागणार नाही. पुढच्या जूनमध्ये पहिलीच्या पटावर आपल्या मुला-नातवंडांची नावे घालावी लागतील.