लंडनच्या संग्रहालयातील दिवस



या व्याख्यानमालेचे निमंत्रण आले तेव्हा आम्ही नकाराचेच पत्र लिहावयास बसलो होतो. ज्या व्यासपीठावरून वर्षानुवर्षे इतिहास, अर्थशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांवर अधिकारी माणसे बोलत आली, तेथे आम्ही काय बोलणार? आम्ही तीन वर्षे लंडनला होतो हे खरे. पण तेथे आम्ही ना बॅरिस्टर झालो, ना डॉक्टर. एका मोठ्या संग्रहालयाच्या कोठारात आम्ही कसर मोजण्याचे काम करीत होतो. हे चिटणीसांना सांगितले, तर ते म्हणाले, "कसर मोजण्याचाही पगार मिळतो, हे आमच्या गावास अजून ठाऊक नाही. तेवढेच सांगा." तेव्हा तेवढेच सांगतो. शेवटी मात्र आमच्या हातून घडलेल्या एका चुकीची कबुली द्यावयाची आहे. ती दिल्यावाचून हे भाषण पुरे व्हावयाचे नाही.

संग्रहालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काचेची कपाटे उभी राहतात. पण काचेत दिसते तो संग्रहाचा अगदी लहानसा अंश होय. ब्रिटिश म्युझियमचेच उदाहरण घ्या. तेथे सुमारे ऐंशी लक्ष वस्तू आहेत आणि त्यांपैकी एका वेळी मांडलेल्या असतात त्या शेकडा एक. उरलेल्या नव्याण्णव कोठारात निजलेल्या असतात. आमची चाकरी या निजलेल्यांची. आमच्या वाट्याला आले होते ते कापडचोपड : शाली, गालिचे, अंगरखे, झुली.

सकाळी कोठारात शिरले की पहिले काम सापळे पाहण्याचे. कागदी पुठ्ठ्याचे हे सापळे चिकट असतात आणि त्यांत कसरीच्या मादीचा वास लावलेला असतो. त्या वासाने नर पतंग येतात आणि चिकटून बसतात. ते किती, हे मोजावयाचे आणि वहीत लिहावयाचे. मागच्या महिन्यापेक्षा आकडा वाढला, की त्या भागातील कपाटे उघडून घडी न् घडी तपासावयाची. कापड खाते ते पतंग नव्हे, त्याची अळी. म्हणून पतंग सापडला म्हणजे अळी कोठे असेल याचा शोध सुरू होतो. किडलेले वस्त्र सापडलेच तर ते प्लॅस्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून शून्याखाली तीस अंशांच्या थंडीत तीन दिवस ठेवतात. औषध नाही, धूर नाही; नुसती थंडी.

शिस्त तर अशी की आपल्याकडील सोवळे सोपे वाटावे. कोठारात शाईचे पेन न्यावयाचे नाही. लिहावयाचे ते शिसपेन्सिलीने, कारण शाईचा डाग जात नाही. चहा नाही, बिस्किटाचा कण नाही. उजेड पन्नास लक्सच्या वर जाता कामा नये, म्हणजे साधारण तिन्हीसांजेच्या दिव्याइतका; रंग एकदा उडाला की परत येत नाही. आणि कोणतीही वस्तू दोन्ही हातांनी उचलावयाची, तीही बुडाशी धरून. कपाला कान असला तरी कानाला हात लावावयाचा नाही, कारण तुटतो तो कानच. पहिला आठवडा आम्ही केवळ वस्तू उचलावयास शिकलो. वय सव्वीस, हातात पदवी, आणि शिकतो आहो काय, तर कप कसा धरावा!

एके दिवशी दुपारच्या सुट्टीत आम्ही आमच्या विभागाच्या प्रमुख बाईंना सहज सांगितले, की आमची आजी आपल्या लुगड्यांच्या पेटीत वेखंड आणि कडुनिंबाचा सुकवलेला पाला घाली आणि पावसाळा सरला की साऱ्या घड्या उलगडून सावलीत वारा देई. आम्हांला वाटले, बाई हसतील. त्यांनी वही काढली. पाला ओला की वाळलेला, घडीत घालीत की तळाशी, आजी कोणत्या गावची, हे सारे विचारून लिहून घेतले. मग म्हणाल्या, "आजीबाईंचे नाव सांगा. माहिती कोणाची, हे लिहिल्यावाचून ती माहिती अर्धीच."

तेव्हा आम्हांला त्या बोलण्याचे महत्त्व कळले नाही. पुढे एका खणात एक कापडाचा तुकडा निघाला. त्याच्या चिठ्ठीवर एवढेच होते : सुती-रेशमी कापड, पश्चिम भारत. आम्ही पाहताक्षणी ओळखले. दोन्ही अंगांना काठ, मध्ये बारीक बुट्टी. तो चोळीचा खण होता, आपल्या आयाबहिणींची ओटी भरताना नारळाशेजारी असतो तो. आम्ही सांगितले, त्याची नोंद झाली, सांगणाराचे नाव आणि तारीख झाली. तोपर्यंत ते नुसते कापड होते. त्या दिवशी त्याला पुन्हा ओटी, चोळी, माहेर हे सारे चिकटले. वस्तू जपावयाची म्हणजे तिची हकिकत जपावयाची, ही गोष्ट आम्ही कोणत्याही ग्रंथात वाचली नाही; त्या चिठ्ठीवर शिकलो.

आता नोकरीबाहेरचे थोडे. पगारातील मोठा भाग खोलीच्या भाड्यात जाई. स्वयंपाकघर चौघांत एक, म्हणून फोडणी द्यावयाची ती बाकीचे बाहेर गेल्यावर. डबा घरचा. डिसेंबरात चार वाजण्यापूर्वीच सूर्य मावळतो. कोठाराला खिडकी नाही. तेव्हा सोमवार ते शुक्रवार सूर्यदर्शन घडत नसे. मराठी बोलावयाची भूक लागली म्हणजे महाराष्ट्र मंडळात जावे. हे मंडळ १९३२ पासून लंडनमध्ये आहे. तेथे पहिल्याच भेटीत एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले, "काय करता?" आम्ही म्हटले, "संग्रहालयात असतो." ते म्हणाले, "छान, छान. आणि नोकरी?"

शनिवार धुण्याचा; रविवार भटकंतीचा. खिशाला परवडणारी भटकंती म्हणजे पुन्हा संग्रहालयेच, कारण तेथील राष्ट्रीय संग्रहालयांच्या कायम दालनांना २००१ पासून प्रवेशशुल्क नाही. हलवायाच्या पोराने सुट्टीच्या दिवशीही मिठाईच्या दुकानापुढे उभे राहावे, तसे आमचे झाले. पण मोठ्या दालनांपेक्षा आम्हांला लहान जागा अधिक शिकवून गेल्या.

दक्षिण लंडनमध्ये हॉर्निमन म्युझियम आहे. फ्रेडरिक हॉर्निमन या चहाच्या व्यापाऱ्याने ते लोकांस देऊन टाकले. त्याची इमारत १९०१ मध्ये उघडली. तेथे मधोमध पेंढा भरलेला एक वॉलरस बसलेला आहे. कॅनडाच्या थंड समुद्रातला हा सुळेवाला धिप्पाड प्राणी. जिवंत वॉलरसाच्या कातड्याला घड्याच घड्या असतात. पण ज्याने पेंढा भरला, त्याने जिवंत वॉलरस पाहिला नव्हता. कातडे मोकळे दिसले, म्हणून तो भरीत गेला, भरीत गेला, शेवटी एकही सुरकुती उरली नाही. शंभराहून अधिक वर्षे ते जनावर फुग्यासारखे टम्म फुगून बसले आहे आणि पोरे त्याच्यावर प्रेम करतात. आम्हीही पोटभर हसलो. परतताना मात्र मनात आले : कातडे अस्सल, सुळे अस्सल, मेहनतही खरी, उणीव एकच, की तो प्राणी कसा असतो हे सांगणारे कोणी जवळ नव्हते.

दुसरा एक रविवार सांगतो. त्या दिवशी हसू आले नाही. लंडनहून आगगाडीने तासाभरात ब्रायटन येते. पहिल्या महायुद्धात तेथील राजवाड्यात, रॉयल पॅव्हिलियनमध्ये, जखमी हिंदी सैनिकांचे इस्पितळ होते. जे हिंदू आणि शीख सैनिक तेथे दगावले, त्यांना गावाबाहेरच्या टेकडीवर अग्नी दिला. त्या जागी पांढऱ्या संगमरवराची छत्री उभी आहे. १९२१ मध्ये तिचे अनावरण झाले. तेथवर मोटार जात नाही. मेंढरांच्या कुरणातून चढत पायीच जावे लागते. वारा असा, की टोपी हातात धरावी. आपल्याकडे नदीकाठी दिसते तशी ती छत्री परक्या हिरव्या टेकडीवर एकटी पाहिली आणि आमचा कंठ दाटून आला. ज्यांना तेथे अग्नी दिला ते त्रेपन्न जण. त्यांची नावे तेथे दगडावर कोरली गेली ती २०१० मध्ये. छत्री उभारल्यापासून नावे लागेपर्यंत एकोणनव्वद वर्षे गेली! आम्ही ती नावे एकेक करून मोठ्याने वाचली. ऐकावयास मेंढरांवाचून कोणी नव्हते.

लंडनमध्येच प्रिमरोझ हिलजवळ किंग हेन्रीज रोडवर दहा क्रमांकाचे घर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये विद्यार्थी असताना तेथे राहत. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेऊन त्याचे स्मारक केले. रांगेतल्या इतर घरांसारखेच घर. भिंतीवर फलक नसता तर आम्ही खुशाल पुढे निघून गेलो असतो.

आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचे तर आपले जुने नाते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती मेजर रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केल्या. त्यांतील बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेल्या. मग १८७२ पासून तेरा वर्षे मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्यास जात राहिले आणि सुमारे तीनशे प्रती तयार झाल्या. त्याही लंडनला गेल्या, आणि १८८५ च्या आगीत त्यांतील शंभराहून अधिक जळाल्या. उरल्या त्या या संग्रहालयात आहेत. ज्या भिंतींवरचा रंग पुढे झडला, तेथील तपशील शोधणारे आज या प्रतींकडे वळतात. ग्रिफिथ्सचे नाव सर्वांस ठाऊक आहे. पण लेण्यांच्या अंधारात हातांनी रंग भरले ते आपल्या मुंबईच्या पोरांनी. त्यांतले एक पेस्तनजी बोमनजी पुढे नामांकित चित्रकार झाले. बाकीच्यांची नावे आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील?

येथे कोणी तरी वाघनखांबद्दल विचारणार, हे आम्हांला ठाऊक आहे. त्याच संग्रहालयातील ती वाघनखे २०२४ मध्ये साताऱ्यास आणून ठेवण्यात आली. ती शिवछत्रपतींची, असे सांगणारा मजकूर त्यांच्या पेटीवर आहे. पण ती पेटी वस्तू विलायतेस गेल्यानंतरची, आणि अफझलखानाच्या वेळी वापरली गेली ती हीच, याची खात्री देता येत नाही, असे ते संग्रहालयच सांगते. यावर आम्ही भांडणार नाही. एवढेच म्हणतो, की ज्या दिवशी वस्तू हातातून हातात गेली, त्याच दिवशी चार ओळी लिहिल्या गेल्या असत्या, तर आज भांडण्याचे कारण उरले नसते.

आता कबुली.

त्या छत्रीहून परतताना आगगाडीत धाकट्या भावाचा फोन आला. घराची दुरुस्ती निघाली होती. "दादा, माळ्यावर मोडी कागदांचे सहा रुमाल आहेत. वाळवी लागली आहे. काय करू?" आम्ही दमलो होतो, गाडीत गर्दी होती, आवाज तुटत होता. आम्ही म्हणालो, "तुला ठीक वाटेल ते कर." ज्या माणसाने तासापूर्वी परक्या टेकडीवर त्रेपन्न नावांसाठी डोळे पुसले, तो हे बोलला.

कागद रद्दीत गेले. भावाचा काही दोष नाही. त्याने विचारले होते. वर्षाअखेर घरी आलो तेव्हा आत्याने सांगितले, की आमच्या खापरपणजोबांचे ते कुलकर्णीपणाचे दप्तर होते. गावात कोणते घर केव्हा आले, कोणत्या दुष्काळात कोण गाव सोडून गेले, ओढ्याकाठची जमीन कोणाची होती, हे सारे त्यात होते म्हणे. म्हणे! आता त्यास 'म्हणे' हाच आधार. वाळवीला तीन दिवसांची थंडी पुरली असती, आणि ती देण्याची रीत सांगणे हाच आमचा पोटापाण्याचा धंदा होता.

तात्पर्य, जपणे हे पैशाचे काम आहे, अशी आपली समजूत असते. पैसा लागतोच, पण आधी लागते ती विचारण्याची आणि लिहिण्याची सवय. पुण्याचे डॉ. दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, दौती, कुलपे अशा घरगुती वस्तू गावोगाव फिरून गोळा केल्या आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभे केले. सुमारे वीस हजार वस्तूंचा तो संग्रह त्यांनी १९७५ मध्ये महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. सुरुवात झाली तेव्हा त्यांच्यामागे कोणते खाते नव्हते. होते ते पायांतले चक्र.

एवढे आपल्यापैकी कोणाला जमेल न जमेल. आम्ही लहान गोष्ट मागतो. आज घरी गेल्यावर एखादी जुनी वस्तू हातात घ्या. दोन्ही हातांनी घ्या. ती कोणाची, कोठून आली, कशासाठी वापरीत, हे घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा आणि कागदावर शिसपेन्सिलीने लिहून तिच्याबरोबर ठेवा. सांगणाराचे नाव आणि तारीख घालावयास विसरू नका.

आम्हीही एक चिठ्ठी लिहिली आहे. रद्दीवाल्याने कागद नेले, पण दप्तराचे खारव्याचे रुमाल घरात फडकी म्हणून राहिले होते. त्यांतला एक आम्ही धुऊन, घडी करून, पेटीत ठेवला आहे, वेखंडाच्या तुकड्यासह. त्याच्या चिठ्ठीवर असे आहे : "दप्तराचा रुमाल, खारवा. आतील कागद २०२४ मध्ये रद्दीत गेले. माहिती आत्याची. दोष आमचा."