आठ पैशांचा हिशेब

मागच्या ओळीत माझे काही दोस्त खुर्च्यांखाली लपाछपी खेळताहेत.

आतापर्यंत त्या पोरांना या व्यासपीठावरून चार वेळा दटावलं गेलं. मी मोजत होतो. ‘पुढच्या पिढीनं मराठी वाचली पाहिजे’ असं सांगणारी तीन भाषणं झाली आणि त्या तीन भाषणांत मिळून चार वेळा ‘ए पोरांनो, गप्प बसा’ झालं. अहो, पुढची पिढी तीच होती! तिला गप्प करून तुम्ही माझ्यासारख्या कवळीवाल्यांना वाचनाचं महत्त्व पटवत बसलात. मला अध्यक्ष केलंत, ही तुमची चूक. आता ऐकून घ्या.

आदिलाबादचा मराठी माणूस 1956 पासून रडतो आहे. हैदराबाद राज्य मोडलं, मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, आपल्याच जिल्ह्यातले राजुरा आणि किनवट तिकडे गेले आणि आपण पैनगंगेच्या या काठावर राहिलो. ते दुःख खोटं नाही. माझ्या घरात ते जेवणाच्या पंगतीला रोज यायचं. पण इतकी वर्षं रडून झाल्यावर एक प्रश्न विचारतो. या काळात आपण किती मुलांना मांडीवर घेऊन एखादी मराठी गोष्ट वाचून दाखवली? समोर बरेच जण आता मोबाइलमध्ये पाहायला लागलेत.

मराठी अभिजात झाली, 3 ऑक्टोबर 2024 ला. आपण पेढे वाटले. तेलुगूला तो मान 2008 सालीच मिळाला होता, तेव्हा शेजाऱ्यांनी दिलेले पेढेही आपण खाल्ले असतील. पेढा खाऊन कुणी वाचायला शिकल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता कामाचं बोलतो. घरपट्टीची पावती कधी नीट वाचलीत? नसेल वाचली. मराठी माणूस बिल भरतो आणि घडी घालून देवामागे ठेवतो. आधी 1955 चा हैदराबादचा ग्रंथालय कायदा होता, मग आंध्राचा 1960 चा आला आणि तोच तेलंगणानं पुढे चालवला. त्या कायद्यानं घरपट्टीच्या दर रुपयामागे आठ पैसे ग्रंथालयाचा सेस आहे. म्हणजे जिल्ह्याच्या ग्रंथालय संस्थेकडे जाणाऱ्या पैशात तुमचा पैसा आहे. तिकडे महाराष्ट्रात 1967 चा कायदा आहे, पण त्यात असा सेस नाही. तिथली वाचनालयं अनुदानावर चालतात, आणि अनुदान थकलं की पत्रकं काढतात. तिथला घरमालक ‘हे पुस्तक माझ्या पट्टीतून आलंय’ असं म्हणू शकत नाही. तुम्ही म्हणू शकता. आणि तुम्ही काय करता? मुंबईला निवेदनं पाठवता! ज्याला हक्कानं मागता येतं, त्यानं भीक का मागावी?

सेस गोळा होतो, पण तो पालिका-पंचायतींकडे अडकून राहतो, ग्रंथालयांपर्यंत वेळेवर पोचत नाही, ही जुनी तक्रार आहे. खरी आहे. पण ती तक्रार घेऊन आपल्यापैकी कोण गेलं? पुतळ्याच्या जागेसाठी मोर्चा निघतो. आठ पैशांसाठी मी तरी अजून एक पाहिला नाही.

मुलांचं म्हणाल तर त्यांच्या वाट्याला वर्षातून एक आठवडा येतो. 14 नोव्हेंबरला बालदिन, तिथपासून 20 तारखेपर्यंत ग्रंथालय सप्ताह, आपल्याकडे ‘ग्रंथालय वारोत्सवालु’. चित्रकला, रांगोळी, वक्तृत्व, बक्षिसं, पाहुणे, फोटो. चांगलं आहे, माझी ना नाही. पण 21 तारखेला ती मुलं कुठे जातात? 

मी माझ्या नातीला घेऊन एका वाचनालयात गेलो होतो. गावाचं नाव सांगत नाही, तिथला माणूस स्वभावानं वाईट नव्हता. ती सात वर्षांची. चित्रांचं पुस्तक मागितलं. तो म्हणाला, ‘लहान पोरांचं कपाट वारोत्सवात उघडतो, ताता.’ काचेतून पुस्तकं दिसत होती. नातीनं काचेला नाक लावलं, वाफेचा एक गोल उठला, तेवढ्यात टेबलावरून ‘शूऽऽ’ आलं. ती टेबलं ग्रुप टू, डीएससी, कॉन्स्टेबलच्या परीक्षांना बसलेल्या पोरांनी भरलेली. त्यांच्यावर माझा राग नाही. कापसावर भरवसा ठेवून घर चालत नाही म्हणून ती तिथे बसलीत, आणि घरी दिव्याखाली जागा नाही म्हणून बसलीत. पण मुलाचं हसणं हा जिथे आवाज ठरतो, तिथे मूल दुसऱ्यांदा येत नाही.

‘आमच्याकडे असं चालत नाही’ म्हणणाऱ्यांना मी बडोद्याला नेतो. सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेतली वाचनालयं पाहिली आणि 1910 साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं. मध्यवर्ती वाचनालय उभं राहिलं, त्यात मुलांसाठी वेगळी खोली होती. आणि खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरू लागल्या. गाव वाचनालयापर्यंत येत नाही तर वाचनालय गावात जाईल, इतका साधा हिशेब! आता यातली खोच ऐका. राजा मराठी, प्रजा बहुतेक गुजराती. राजानं गुजराती पुस्तकं घेतली, मराठीही घेतली. आपली भाषा लादली नाही आणि सोडलीही नाही. शंभर वर्षांपूर्वी बैलगाडीच्या जमान्यात हे जमलं, तर आज आरटीसीच्या बसमध्ये बेला, तामसी, जैनथला एक पेटी का चढत नाही?

दुसरी गोष्ट तेलुगू मित्रांना सांगायची आहे, आज तिघे-चौघे आलेत म्हणून बरं. निजामाच्या राज्यात कारभार उर्दूत होता. तेव्हा तुमच्या आजोबा-पणजोबांनी काय केलं? 1901 मध्ये हैदराबादेत श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम् काढलं. राजाला आपल्या भाषेची पर्वा नाही, तर आपण वाचनालय काढू, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. मग आज मराठी मुलासाठी एक कपाट मागितलं तर ‘हे तेलंगणा आहे’ असं उत्तर का येतं? 2018 च्या कायद्यानं शाळेत तेलुगू सक्तीचं केलं. आमची मुलं शिकतात. शिकावंच, आणि उत्तम शिकावं. आम्ही तेलुगूचं एकही पुस्तक कमी करा म्हणत नाही.

आणि मुलांना दोन भाषा एकदम नको, डोकं गोंधळतं, असं म्हणणारे शिक्षक मला भेटतात. त्यांनी आदिलाबादच्या बाजारात मिरची विकणारी दहा वर्षांची मुलगी पाहावी. मराठीत भाव सांगते, तेलुगूत घासाघीस करते, सुटे पैसे उर्दूत मागते आणि आईशी कोलामीत बोलते. तिचं डोकं शाबूत आहे. गोंधळ आपल्या डोक्यात आहे.

लहानपणी तुम्ही ‘चांदोबा’ वाचलाय ना? हात वर करा. बघा, सगळं सभागृह! तो मूळचा कुणाचा? मद्रासहून नागी रेड्डी आणि चक्रपाणींनी 1947 च्या जुलैत काढलेला तेलुगू ‘चंदमामा’. तोच 1952 पासून मराठीत ‘चांदोबा’ झाला. तोच विक्रम, तोच वेताळ, झाडावरचं तेच प्रेत, तीच चित्रं. आपल्या पिढीला वाचायची चटक लावणारा मासिकवाला तेलुगू होता. मग शनिवारी दुपारी वाचनालयात एका बाजूला ‘चंदमामा’, दुसऱ्या बाजूला ‘चांदोबा’, एक पान तेलुगू अम्मम्मा वाचेल, एक पान मराठी आजी. चित्र एकच असल्यामुळे मुलाला काही समजावून सांगावं लागणार नाही. याला खर्च किती? दोन आज्यांचा चहा.

तिथे गोंडी आणि कोलामी आजीही हवी, नाहीतर आपण आपल्यावरचाच अन्याय दुसऱ्यावर करू. 1940 च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फनं आपल्याकडच्या मारलवाई गावात गोंड शिक्षकांना तयार केलं, गोंडी वाचनमाला नागरी लिपीत काढल्या. पुढे राज्य बदललं, शाळेची भाषा बदलली, लिपी बदलली. ज्या लिपीत आजोबा अक्षर शिकला ती नातवाला परकी झाली. आपण मराठीवाले त्या वेळी कुठे होतो? ते पुस्तक आपल्या नागरीत होतं, तरी ते जपावं असं आपल्याला वाटलं नाही, कारण ते गोंडांचं होतं. हे मी मुद्दाम बोलतोय. टाळ्या नकोत.

आई-बापांना दोन शब्द, तेही कडू. तुम्ही पोराला इंग्रजी शाळेत घालता, घाला. पण बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला केक हजाराचा आणि घरात माधुरी पुरंदऱ्यांचं एक ‘राधाचं घर’ नाही! बालभारतीचा ‘किशोर’ 1971 पासून निघतोय, जुने अंक फुकट वाचायला मिळतात, त्याच मोबाइलवर, जो आता तुमच्या मांडीवर लपवलाय. आणि पोराला वाचनालयाच्या दारात सोडून मोटारसायकलवरून निघून जाऊ नका. आत बसा. तुम्ही वाचताना त्यानं तुम्हाला पाहिलंच नाही, तर त्याला वाटणार की वाचणं ही फक्त लहानांना दिलेली शिक्षा आहे.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली. वाचली. खिशात ठेवली.

ठराव मी मांडत नाही. आपल्या ठरावांची फाईल पुस्तकांच्या कपाटापेक्षा जाड झालीय. माझ्या पिशवीत वाचनालयाच्या सभासदत्वाचे कोरे अर्ज आहेत, तेलुगूत छापलेले. मी पंगतीच्या तोंडाशी उभा राहणार. आधी अर्ज, मग पत्रावळ. मराठीत कसा भरायचा हे विचारू नका, तुमच्याच मुलांना बोलवा, त्यांना तेलुगू वाचता येतं.

ए, खुर्चीखालच्या! ये बाहेर. पेन धर.